दुखापतीचं कारण: आलं

"हॅलो?... हंलो? थांबा हं, तोंडात सुई आहे."

तिने तोंडातली सुई काढून अंबाड्यात खोचली. कपडे शिवायची सुई नव्हे, जाळं विणायची. वीतभर लांब, लाकडाची, पोटात दोरा गुंडाळलेली. पुढच्या खोलीत फरशीभर जाळं पसरलेलं होतं आणि ते एवढं मोठं होतं, की आठ दिवस घरातली माणसं भिंतीला पाठ लावून ये-जा करत होती. खिडकीखाली सासूबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या. आतल्या खोलीत नवरा झोपला होता, डोक्याला पट्टी बांधून. तो बोटीवर पाय घसरून पडला असं सासूबाईंना सांगितलेलं होतं. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, पण ते सरसकट कमी नव्हतं. जे त्यांच्यापासून लपवायचं ते नेमकं पोचायचं.

"हां, आता बोला... कोण?... कुठून म्हणालात?... बंदराचं सुरक्षा कार्यालय. बरं, बरं... हो, घर तेच... हे? हे झोपलेत... हे म्हणजे आमचे हे... नाही हो मॅडम, 'हे' असं नाव नाही त्यांचं. हे म्हणजे नवरा. तुमच्या कागदावर ज्यांचं नाव आहे ना, तेच हे... हो, बोटीवरचे आचारी. तेच."

तेच हे सकाळपासून तीनदा विचारून झोपले होते, फोन आला का म्हणून. सोमवारी बोट निघायची होती, आणि कार्यालयाचं पत्र हातात पडल्याशिवाय जखमी माणसाला बोटीवर पाय ठेवता येत नव्हता. पत्र यावं म्हणून तो डोळे लावून बसला होता आणि येऊ नये म्हणून ती. दोघंही हे एकमेकांशी बोलले नव्हते. बोलायची गरजही नव्हती, एका घरात राहत होते.

"उठवू?... नको ना? गोळी घेऊन आत्ताच डोळा लागलाय. तुम्ही मलाच विचारा, मला सगळं पाठ आहे... टाके? सात... सात... हळू बोलतेय कारण घरात मोठी माणसं आहेत हो... सात! आठवड्याचे वार असतात तेवढे!... काही नाही आई, वार विचारतायत. कुठला वार ते... हां मॅडम, बोला. कारण काय लिहिलंय?... आलं... हो, बरोबरच आहे की. आलं... ओलं की सुकं म्हणजे?"

खांदा आणि कान यांच्या बेचक्यात फोन धरून तिने पुन्हा सुई हातात घेतली. हात चालू असले की तिला नीट ऐकू यायचं.

"अहो मॅडम, आल्याने कुणाला सात टाके पडतात का?... केवढं होतं म्हणजे! केवढंही असलं तरी... नाही, थांबा. थांबा हं. आलं पडलं नाही. आलं ओरडलं... नाही नाही, आलं नाही ओरडलं, लांब्या ओरडला... लांब्या म्हणजे बोटीवरचा एक उंच माणूस. त्यानेच दवाखान्यात कागद भरून दिलाय, अक्षर बघा, पाय मोडल्यासारखं असेल... असेलच. तो ओरडला, 'आलं!'... काय आलं म्हणजे? जे येत होतं ते!"

"अहो ऐका ना. त्यांच्या बोटीवर पद्धत आहे. वरून काही पडताना दिसलं, की ज्याला दिसलं त्याने ओरडायचं, 'आलं!' बाकीच्यांनी असतील तिथे मटकन खाली बसायचं, दोन्ही हात डोक्यावर. वर बघायचं नाही... का म्हणजे? वर बघितलं की नाकावर येतं. तांडेलांचं नाक बघितलंय ना तुम्ही?... हो, बोटीचे प्रमुख, तेच तांडेल. दुर्बीण पडली होती, त्यांचीच. त्यानंतर त्यांनी ही पद्धत पाडली... नाही, आधी पूर्ण वाक्य होतं. 'सांभाळा रे, वरून काहीतरी पडतंय.' पण वाक्य संपायच्या आत वस्तू पोचायची."

"हं. तर लांब्या ओरडला, 'आलं!' सगळे बसले. आठही जण. आमचे हे सोडून... कारण हे आलं किसत होते!... अहो, खायचं आलं! तेच तर सांगतेय! समुद्र जरा खवळला की निम्म्या जणांच्या पोटात ढवळायला लागतं. मग आल्याचा चहा. दिवसभर सारखं आपलं, 'आलं टाक रे, आलं जास्त टाक.' ह्यांना वाटलं चहाचंच चाललंय. म्हणून हे हातात आलं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, 'घातलंय!'"

"...हसा. हसा तुम्ही... अहो माफी कसली मागता? मीही हसले होते. पट्टी बघेपर्यंत."

पट्टी आठवून तिने एक गाठ जरा जास्तच ओढली आणि दोरा तुटला. तुटलेलं टोक तिने दातांनी सारखं केलं.

"लिहिलंत? काय लिहिलंत, वाचा बघू... 'जखमी व्यक्तीने सूचनेस उत्तर दिले, परंतु सूचनेचे पालन केले नाही.' वा. ह्यांच्याबद्दल एवढं चांगलं कुणी लिहिलं नव्हतं."

"हं, आता वस्तू. काय पडलं ते... काय काय आहे तुमच्या यादीत?... कप्पी? नाही, कप्पी तीन वर्षांपूर्वी पडली... दोर नाही... मासळीची पेटी. ती पायावर पडते मॅडम, डोक्यावर कशी पडेल? तिला धरणाराच पाडतो... अवजार नाही... 'इतर.' हां, इतरच करा... इतर काय ते लिहावं लागतं? सक्तीचं आहे?"

तिने खिडकीकडे पाहिलं. सासूबाईंचं लक्ष वाटाण्यांत होतं. निदान तसं दाखवत तरी होत्या.

"हेल्मेट... हे-ल्मे-ट... हो, तुम्हीच वाटलेलं. पिवळं... डोक्यात घालायचं तेच हो, दुसरं कुठलं असणार?... नाही, तेव्हा डोक्यावर नव्हतं... 'घटनेच्या वेळी हेल्मेट डोक्यावर होते काय.' होतं आणि नव्हतं यातलं एकच निवडायचं?... मग आधी नव्हतं, नंतर होतं... उशिरा आलं, मॅडम. आणि जोरात आलं."

"काय हो आई?... हेल्मेट नाही! 'हे म्हणतात' म्हटलं मी. हे म्हणतात, बरं वाटतंय... हो, हो, बरं वाटतंय म्हणतात."

"हां... अहो, रिकामं असतं तर काय लागणार होतं? तुमचं हेल्मेट किती हलकं, फुंकर मारली तर उडेल. आत शिशाच्या गोळ्या होत्या. जाळं खाली तळाशी जावं म्हणून कडेला लावतात त्या... किती असतील, तीन किलो. सव्वातीन... मला कसं माहीत? म्हणजे... अंदाज."

अंदाज हा शब्द तिने जरा घाईघाईतच बाहेर टाकला आणि लगेच दुसऱ्या वाटेला लागली.

"नाही, बाकीची हेल्मेटं आहेत ना, वापरतात की! नऊच्या नऊ वापरतात. दोघांच्यात कांदे. एकात साबण. तांडेलांच्यात त्यांची बनियनं... डोक्यावर घालत नाहीत असं नाही हो. तुमचे साहेब बोट बघायला येतात तेव्हा घालतात. कांदे काढून... आता हे मी सांगितलं म्हणून लिहू नका बाई. मागच्या तपासणीत साहेब म्हणालेही होते, हेल्मेटांना कसला वास येतोय म्हणून."

"मागच्या दुखापती? किती मागच्या?... सगळ्या! अकरा वर्षांच्या? बसा मग निवांत. चहा झाला का तुमचा?... आवाज केवढा बसलाय. सर्दी आहे का?... कधीपासून?... मॅडम, एक विचारू का, वय काय तुमचं?... नाही, तुम्ही मला मघापासून एवढं विचारताय, मी एक विचारलं... चोवीस! अगं मग मी अहो-जाहो काय करतेय इतका वेळ! चोवीस वर्षांची माझी भाची आहे, तिला मी अजून ओरडते... अगं ऐक ना, गरम पाण्यात मीठ घाल आणि गुळण्या कर. रात्री झोपताना नाही, आत्ता, घरी गेल्या गेल्या. आणि पंखा बंद कर तो, इथपर्यंत ऐकू येतोय... तुझ्या साहेबांना उकडतं? मग साहेबांना उठून बाहेर बसायला सांग."

एवढं झाल्यावर तिला बरं वाटलं. मॅडमशी बोलताना ती मघापासून जपून पाय टाकत होती. आता समोर एक सर्दी झालेली पोरगी होती, आणि सर्दी झालेल्या पोरीशी कसं बोलायचं हे तिला पुरतं ठाऊक होतं.

"हां, तर लिही. पहिली म्हणजे बर्फाची लादी. अंगठ्यावर. नख गेलं, मग दुसरं आलं, वाकडं आलं... तारीख? तारीख कुठली आठवायला, तेव्हा मला थोरलीचे दिवस होते. मला सारखा बर्फ खावासा वाटायचा आणि ह्यांना बर्फाकडे बघवत नव्हतं, म्हणून लक्षात आहे. मग कप्पी, उजव्या खांद्यावर. धाकटीचा पहिला दात पडला तो आठवडा. मग मधे एकदा पिठाचा डबा. वरच्या फळीवरून... लागलं नाही, पण तांडेल आत आले आणि 'या, बसा' म्हणाले. ओळखलंच नाही... हो ना. मग मासा... अगं मासाच. जाळं वर खेचताना त्यातून निसटला आणि थेट ह्यांच्या मानेवर. हा एवढा... म्हणजे हात पसरलेत मी, तुला कसे दिसणार. भला मोठा... होय, जिवंत होता. पडल्यावर ह्यांना शेपटीने चार लगावल्यासुद्धा... त्यालाही लागलं असणार की. त्याचं नाही ना लिहायचं?"

"नाही गं, कंटाळा कसला, उलट बरं वाटतंय. कुणी असं ओळीने विचारत नाही. प्रत्येक वेळी लोक येतात, खुर्चीवर बसतात, म्हणतात थोडक्यात निभावलं. अकरा वर्षं थोडक्यातच निभावतंय. आता किती थोडकं उरलंय, ते मात्र कुणी सांगत नाही."

हे ती हसत हसतच म्हणाली होती, पण पुढचं हसू काही आलं नाही. बोट बाहेर असली की तिला घरात वस्तू पडायचे आवाज जास्त ऐकू यायचे. शेजारच्या घरात ताट पडलं तरी तिचा हात छातीशी जायचा. नवऱ्याला तिने हे एकदा सांगितलं होतं. तो म्हणाला होता, मग शेजाऱ्यांना सांग, जपून वापरा म्हणून.

"हं, बोल. आणखी काय राहिलं?... शेवटचा रकाना. वाच... 'सदर वस्तू त्या जागी कोणी ठेवली होती.'"

सुई थांबली.

"...हा लांब्याने नाही भरलेला? मग?... ह्यांनी? दवाखान्यातच?... काय लिहिलंय?... परत वाच... 'मी स्वतः.'... अक्षर कसं आहे? तिरकं? आणि 'स' इतरांपेक्षा मोठा?... हं. त्यांचंच आहे."

"नाही, काही नाही. आहे मी. आहे फोनवर. बोल तू... मग त्याने काय होतं? त्यांनी स्वतः ठेवली म्हणजे?... नवीन नियम... डोक्याच्या वर जड वस्तू टांगणारा जो असेल त्याला सहा महिने बोटीवर पाऊल ठेवायला बंदी... सहा महिने... आणि तोवर काय करायचं माणसाने?... गोदामात. तुमच्याच?... जमिनीवरच्या... म्हणजे सकाळी जायचं आणि संध्याकाळी घरी... रोज?"

"अगं, तू कशाला वाईट वाटून घेतेस? नियम तो नियम. तू थोडाच केलास?... नाही, खरंच नाही वाईट वाटलं. सोमवारचं पत्र नाही मिळणार, एवढंच ना?... सांगेन मी त्यांना. माझ्या पद्धतीने सांगेन... हो, हो. तू लिही. त्यांनीच लिहून दिलंय ना, मग तेच खरं. मार शिक्का."

असं काही आपोआप हातात पडेल असं तिला अकरा वर्षांत वाटलं नव्हतं. गोडीत सांगून झालं होतं, रागावून झालं होतं, दोन्ही मुलींना शिकवून बापाच्या पुढे उभं करून झालं होतं. आणि आज एक सर्दी झालेली पोरगी, ओळख ना पाळख, फोन करून नवरा घरी आणून देत होती. संध्याकाळी घरी, रोज. सहा महिने डोक्याच्या वर फक्त छप्पर.

घरी असला की तो कसा असतो, तेही तिला ठाऊक होतं. बोट दुरुस्तीला लागली की महिनाभर असायचाच. पाच माणसांच्या घरात नऊ जणांचं शिजवायचा आणि उरलं की गप्प बसायचा. तिचे सगळे डबे वरच्या फळीवरून काढून खाली जमिनीवर मांडायचा, आणि तिने वर ठेवले की परत खाली. मग खिडकीशी उभा राहून वारा कुठला आहे ते सांगायचा. कुणी विचारलेलं नसायचं. तेही तिने चालवून घेतलं असतं. महिना काय, सहा महिने चालवून घेतलं असतं, डबे सगळे जमिनीवर मांडून संसार केला असता.

पण ते तिरकं अक्षर आणि तो मोठा 'स' काही डोळ्यांपुढून जाईना. आत पलंग करकरला. नवऱ्याने कूस बदलली असावी. टाके डाव्या बाजूला होते, म्हणून त्याला उजवीकडेच झोपावं लागत होतं, आणि उजवीकडे त्याला झोप येत नसे.

"...ऐक. मारलास का शिक्का?... उचललायस? मग ठेव खाली... ठेव म्हणते ना. तो शेवटचा रकाना चुकलाय... त्यांनी चुकीचं लिहिलंय. ते हेल्मेट त्यांनी नाही टांगलं... तर कुणी काय, मी... मी गं. मी टांगलं."

खिडकीखालचा वाटाण्यांचा आवाज थांबला. सासूबाईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, "मग जरा मोठ्याने सांग की. अर्धं अर्धं किती ऐकायचं?"

"सांगते, आई. तुम्हीही ऐका. दोनदा नाही सांगवणार मला... नाही गं, हे सासूबाईंना. तू पण ऐक."

"ह्यांना लागलं त्याच्या आधीच्या रविवारी मी बोटीवर गेले होते. दुसरं एक जाळं शिवून झालं होतं, ते द्यायला. मी जाते तशी अधूनमधून, दोन मिनिटं, मला तिथे उभं राहवत नाही. तर ह्यांच्या स्वयंपाकघरात डोकावले. ते स्वयंपाकघर म्हणजे काय, कपाटात उभं राहून भात शिजवायचा. आणि पसारा! हेल्मेट पायात घरंगळतंय, शिशाच्या गोळ्या फरशीभर. माझ्याच्याने पसारा बघवत नाही गं. सगळ्या गोळ्या वेचल्या, हेल्मेटात भरल्या, आणि हेल्मेट दाराच्या वर एक हूक होता त्याला पट्ट्याने अडकवून टाकलं. तीन किलो दोनशे. मोजूनच देते मी गोळ्या त्यांना, म्हणून माहीत. अंदाज कसला... आणि खरं सांगू? छान दिसत होतं. मी दोन पावलं मागे जाऊन बघितलंसुद्धा."

"...कळतं गं आता. घरात वस्तू वर ठेवली की आवरलं म्हणायचं. बोटीवर उलटं असतं. तिथे सगळं खाली ठेवतात, कारण वर ठेवलेलं नंतर खाली येतंच. ह्यांना माहीत आहे. हे म्हणाले, 'वर नको टांगू.' मी म्हटलं, 'तुमच्या बोटीवर एक तरी वस्तू जागेवर असते का? एवढी एक तरी राहू दे.'... नाही, काढलं नाही त्यांनी... का म्हणजे काय? मी लावलं होतं म्हणून."

"पट्ट्याचं बक्कल निघालं. तुमच्याच हेल्मेटचं बक्कल आहे, तेही लिहून ठेव."

"...चार दिवस झाले. रोज वाट बघतेय, आज ओरडतील, आता जेवण झालं की ओरडतील. एक अक्षर नाही. विचारलं तर म्हणतात, काहीतरी पडलं. मला वाटलं, मार लागला, विसरले असतील. मी म्हटलं, बरंच झालं. इतकी मी शहाणी... आणि हे तिकडे टाके घालायच्या आधी तुला लिहून देऊन बसलेत, मी स्वतः म्हणून. रक्त पुसायच्या आधी, कळलं का? कागदावर डाग असेल बघ... आहे ना?"

तिने पदराने नाक पुसलं.

"नाही, सर्दी नाही. तुझी लागली असेल फोनवरून."

"काय हो आई?... तुम्हाला परवाच कळलंय? कसं?... लांब्याने सांगितलं! मग चार दिवस मी कशाला कुजबुजतेय?"

सासूबाईंनी एक शेंग सोलली, आतला किडका दाणा बाजूला केला आणि म्हणाल्या, "तू सांगतेस का ते बघत होते."

"...हो गं, आहे मी. बोल. खोड ते आणि लिही. 'पत्नी.'... हुद्दा? जाळी शिवणारी... तसा रकाना नाही? फक्त बोटीवरच्या माणसांचे आहेत? मग काठावर लिही, समासात. समास कशाला असतो?... मग बंदी माझ्यावर? बरोबरच आहे. घाल... सहा महिनेच कशाला, पुढच्या जन्माचीही घाल. मला धक्क्यावर उभं राहिलं तरी मळमळतं. जाळं हवं असेल तर खाली उतरून घेऊन जा म्हणावं तांडेलांना."

"आणि हे मग... हं... म्हणजे त्यांच्यावर काहीच नाही उरलं... जखम सुकली की झालं... डॉक्टरांचा कागद आलाय तुझ्याकडे? त्यात काय म्हटलंय?... सोमवारपर्यंत सुकेल. असं म्हटलंय... बरं. मग पत्र कधी?... आजच. दुपारी माणूस पाठवतेस. बरं."

तिने जाळ्यावर हात फिरवला. शिवायचं अजून पुष्कळ राहिलं होतं आणि ते त्याच बोटीचं होतं. सोमवारी तेही बरोबर जाणार होतं.

"काय लिहिणार पत्रात, वाच एकदा... 'सदर व्यक्तीस समुद्रावर जाण्यास हरकत नाही.'... हं. चांगलं आहे... काय?... मला?... मला आहे का, म्हणजे?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्याने नाही, कारण त्याला उत्तर माहीत होतं. तांडेलाने नाही. बघायला येऊन खुर्चीवर बसणाऱ्यांनी तर नाहीच. तिने एकदा आतल्या दाराकडे बघितलं. आतून आता काही आवाज येत नव्हता.

"आहे गं. हरकत आहे. अकरा वर्षं आहे... नाही, नाही, खोडू नकोस! आहे तसं राहू दे... अगं, मी तुला सांगितलं. लिहायला नाही सांगितलं... हो. 'हरकत नाही' असंच लिही. मार शिक्का... ठेवते."

आणि तिने फोन ठेवला.